नाशिकचे शिक्रे, ससाणे आणि घारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षभर येत राहतात. संक्रांतीला मांज्यात अडकलेल्या घारींचे, उन्हाळ्यात घरट्याखाली पडलेल्या पिल्लांचे, द्राक्षांच्या हंगामात जाळ्यात गुरफटलेल्या शिक्र्यांचे. जिथे दोन उत्तरं एकमेकांत गुंततात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या क्षणी समोर जखमी पक्षी असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १४ वाचा.

१. शिक्रा, ससाणा, बाज, घार, गरुड ही एकाच पक्ष्याची नावं आहेत का?

नाही. आपल्याकडे वाकड्या चोचीचा कुठलाही पक्षी दिसला की त्याला घार किंवा ससाणा म्हणायची सवय आहे, म्हणून गोंधळ होतो. शिक्रा, बाज, घार, गरुड, भोवत्या, तिसा आणि आशिया, आफ्रिका, युरोपातली गिधाडं ही एका मोठ्या कुळातली भावंडं आहेत. ससाणे मात्र वेगळ्या कुळातले. जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की ससाण्यांचं जवळचं नातं शिक्र्यापेक्षा पोपटांशी आहे. वाकडी चोच आणि नख्या दोघांकडे आल्या त्या सारख्या धंद्यामुळे.

ओळखायला रंगापासून सुरुवात करू नका. पिल्लाचा, नराचा आणि मादीचा रंग वेगळा असतो, शिवाय उन्हाविरुद्ध सगळेच काळे दिसतात. पंख आणि शेपटी पाहा. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, कोयत्यासारखे. घारीची शेपटी माशाच्या शेपटीसारखी मधे खाचलेली. गरुडाचे पंख रुंद फळीसारखे, टोकाला पिसांची बोटं फाकलेली. भोवत्या सडपातळ, जमिनीलगत उडणारा, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले. त्याच्या जोडीला पक्षी शिकार कशी करतोय ते पाहिलं, तर बहुतेक वेळा ओळख तिथेच पटते.

२. सोसायटीतल्या झाडावर कबुतराएवढा, राखाडी पाठीचा, लाल डोळ्यांचा पक्षी येऊन बसतो. कोण असेल?

जवळपास नक्की शिक्रा. लांबी साधारण ३० सेंटिमीटर. मोठ्या पक्ष्याची पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, पाय पिवळे. नराचा डोळा गडद लाल, मादीचा नारिंगीकडे झुकणारा. गळ्याच्या मधोमध एक पुसट उभी रेघ असते. ती जवळून किंवा चांगल्या फोटोतच दिसते.

छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी थेंब, पाठ तपकिरी आणि डोळा पिवळा असेल तर तो त्याच वर्षीचा तरुण शिक्रा. जून-जुलैनंतर ‘नवीनच जातीचा पक्षी’ म्हणून जे फोटो येतात त्यांत हाच जास्त असतो.

आवाज दोन सुरांचा, किंचाळल्यासारखा ‘टि-टुई’. कोतवाल पक्षी ही हाक हुबेहूब काढतो, तेव्हा नुसत्या आवाजावर नोंद करू नका. हिवाळ्यात याच बांध्याचा चिमणमार शिक्राही जिल्ह्यात दिसू शकतो. त्याची डोळ्यावरची पांढरी भुवई ठळक असते, गळ्यावरची मधली रेघ नसते आणि पाय काडीसारखे लांब व बारीक असतात.

३. पावशा आणि शिक्रा यांत फरक कसा ओळखायचा?

पावशा ही कोकिळेच्या कुळातली, ‘पेरते व्हा’ म्हणणारी. तिचा रंग, छातीच्या रेघा, शेपटीचे पट्टे, इतकंच काय, उडण्याची लकबही शिक्र्यासारखी: चार-पाच झपके आणि मग तरंगणं. हे सोंग उगीच नाही. पावशा अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात. शिक्रा आल्याच्या धास्तीने सातभाईंमध्ये पळापळ झाली की तिचं काम सोपं होतं.

चोच आणि पाय बघितले की सोंग उघडं पडतं. पावशाची चोच बारीक, पुढे निघालेली, टोकाला जेमतेम वळलेली. शिक्र्याची आखूड, मुळापासून आकड्यासारखी. पावशाचे पाय नाजूक, फांदीवर धड दिसतही नाहीत. शिक्र्याचे पाय लांब, नख्या स्पष्ट. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. बसण्याची ढबही वेगळी: शिक्रा ताठ बसतो, पावशा पुढे झुकून, पंख थोडे सैल सोडून.

४. नर मोठा की मादी?

मादी. शिक्रा, ससाणा, गरुड सगळ्यांत हेच. पक्षी मारून खाणाऱ्या जातींत हा फरक सर्वांत जास्त असतो. जोडी शेजारी बसली असेल तर मादी नजरेत भरेल इतकी थोराड दिसते. अंडी उबवायला आणि पिल्लं राखायला मादी घरट्यावर, शिकार आणायला नर, अशी विभागणी असल्याने लहान, चपळ नर छोटी शिकार चटकन आणतो, हे एक कारण दिलं जातं. एकच पक्षी दिसला तर आकारावरून नर-मादी ठरवू नये. शिक्र्यात डोळ्याचा रंग त्यापेक्षा भरवशाचा.

५. शिक्रा नेमकी शिकार कशी करतो?

दडून. शिक्र्याची सगळी कला लपून बसण्यात आहे. तो झाडाच्या शेंड्यावर कमी आणि पानोळ्यात, खोडाजवळच्या फांदीवर जास्त बसतो. मान तेवढी हलते. पक्ष्यांचे डोळे खोबणीत आपल्यासारखे फिरत नाहीत, म्हणून अंतर जोखायला तो डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवतो. हे डोकं हलवणं सुरू झालं की त्याची नजर कशावर तरी लागली आहे असं समजा.

मग तो फांदीवरून खाली सुटतो, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर वेग घेतो आणि कुंपण, गाडी, भिंत, मेंदीची रांग जे मिळेल त्याच्या आडून जातो. शेवटच्या क्षणी आड संपते आणि पाय पुढे येतात. आखूड पंखांमुळे फांद्यांत वळता येतं, लांब शेपटी सुकाणूचं काम करते. पाठलाग मात्र त्याला झेपत नाही. पहिल्या काही सेकंदांत हाती लागलं नाही तर तो सोडून देतो आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसतो. बरेचसे प्रयत्न फसतात. त्यात विशेष काही नाही.

मारण्याची पद्धत ससाण्याहून वेगळी. शिक्रा पायांनी मारतो: मागच्या बोटाची आणि आतल्या बोटाची नखी सर्वांत मोठी असते, त्या दोन्ही आत रुतवून तो पुन्हा पुन्हा आवळतो. ससाण्याच्या वरच्या चोचीला दोन्ही कडांना दातासारखा उंचवटा असतो. तो शिकार पायांत धरून मानेचा मणका चोचीने तोडतो.

खाण्यात पाली, सरडे, उंदीर, खारीची पिल्लं, चिमण्या, सातभाई, बेडूक, नाकतोडे, पावसाळ्यात उडणारी वाळवीसुद्धा. शहरातल्या शिक्र्याचा मोठा आधार सरडे आणि पाली. मोठं कबुतर त्याला जड जातं, होला मादीला जमतो. खाण्याआधी तो ठरावीक जागी बसून पिसं उपटतो (प्रश्न १० पाहा). हाडं, केस, पिसं पचत नाहीत, त्यांची गोळी बांधून ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. रोजच्या बसण्याच्या फांदीखाली अशा गोळ्या सापडतात. त्या सुकवून चिमट्याने उकलल्या की पक्षी काय खातो हे त्याला त्रास न देता कळतं.

६. शेतावर हवेत एकाच जागी फडफडत थांबणारा पक्षी कोणता?

दोन शक्यता. पांढरा-राखाडी, खांद्यावर काळे डाग आणि लाल डोळे असतील तर कापशी घार. विटकरी पाठ, लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असेल तर खरूची, हा छोटा ससाणा.

लांबून रंग कळत नसेल तर ढंग पाहा. खरूची वाऱ्याकडे तोंड करते, शेपटी पंख्यासारखी पसरते आणि डोकं अंतराळात खिळा ठोकल्यासारखं स्थिर ठेवते. कापशी पंख उंच धरून, कधी पाय खाली सोडून तरंगते, पायरीपायरीने खाली येते आणि शेवटी पंख वर उचलून छत्रीसारखी उतरते. कापशी बारा महिने इथली. पहाटे आणि दिवेलागणीला, उंदीर बाहेर पडतात तेव्हा, ती जास्त दिसते. खरूचीची वर्दळ मुख्यतः हिवाळ्यात असते.

हवेत न थांबता, पण खांबावर किंवा ढेकळावर तासन् तास बसून राहणारा तपकिरी पक्षी असेल, डोळा पांढरा आणि डोक्यामागे पांढरा ठिपका असेल, तर तो तिसा. तो टोळ, सरडे, उंदीर बसल्या जागेवरून उतरून उचलतो.

७. घार शिकार करते की फक्त कचरा खाते?

दोन्ही करते. मटण मार्केट, कचरा डेपो आणि नदीकाठ ही तिची हक्काची ठिकाणं, पण ती उंदीर, सरडे, आजारी पक्षी आणि कोंबडीची पिल्लंही उचलते. नांगरटीच्या ट्रॅक्टरमागे बगळ्यांबरोबर घारी उतरतात त्या किड्यांसाठी आणि उघड्या पडलेल्या उंदरांसाठी. उचललेला घास पायात धरून उडता उडता खाणं ही तिची खास सवय.

पाण्याजवळ दिसणारी तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची आणि गोल शेपटीची ती ब्राह्मणी घार. ती मासे, खेकडे, बेडूक पाण्यावरून उचलते. थंडीत हिमालयापलीकडून काळ्या कानाच्या, थोड्या मोठ्या घारीही येतात. डिसेंबर-जानेवारीत घारींची संख्या अचानक वाढलेली वाटते त्यात यांचाही वाटा असतो.

८. जगातला सर्वांत वेगवान पक्षी नाशिकमध्ये दिसतो म्हणतात. खरं का?

खरं. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. हा वेग सुराचा आहे, सरळ उडण्याचा नाही. सरळ उडताना तो बऱ्याच कमी वेगाने जातो. त्याची इथलीच उपजात म्हणजे शाहीन ससाणा, पोटाला विटकरी रंग असलेला. तो सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर घरटं करतो, कड्याच्या कपारीत, काड्या न रचता. उत्तरेकडून येणारे फिकट बहिरी थंडीत पाणथळ जागांवर येतात.

ससाणा उंचावर फेऱ्या घालतो, खालून जाणारा थवा निवडतो, पंख मिटून कोसळतो आणि मोकळ्या हवेत पायाचा फटका देतो. म्हणून त्याला मोकळं आकाश लागतं. आंब्याच्या बागेत घुसून चिमणी पकडणारा ‘ससाणा’ कुणी सांगितला तर तो शिक्रा असतो. ताडा-माडांच्या आसपास जोडीने शिकार करणारा, विटकरी डोक्याचा छोटा ससाणा म्हणजे तुरुमती. एकजण पाखरं उठवतो, दुसरा पकडतो.

९. नांदूर मध्यमेश्वरला शिकारी पक्षी पाहायला कधी आणि कसं जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे तयार झालेलं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. उजाडायच्या आत पोहोचा. दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ पुरते. लाल-पिवळे कपडे टाळा, ड्रोन अजिबात नको.

आकाशात शोधत बसण्यापेक्षा पाण्यावरच्या पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. वारकरी (पाण्यावर पोहणारे काळे पक्षी) आणि बदकं एकदम गोळा होऊ लागली, पाणकणसांत घुसू लागली की त्यांच्या मागच्या बाजूला दलदली भोवत्या शोधा. तो पाणकणसांवरून सात-आठ फुटांवर संथपणे जातो, डोकं खाली. गवतातली हालचाल त्याला दिसते तशीच ऐकूही येते, कारण भोवत्याच्या चेहऱ्यावरची पिसं घुबडासारखी बशीत मांडलेली असतात. दुबळा वारकरी दिसला की तो तिथेच घिरट्या घालतो. बदकांचे थवे उधळल्यासारखे उंच गेले, तर मात्र बहिरी ससाणा आला असण्याची शक्यता.

पाण्यात उभ्या सुकलेल्या झाडावर पांढऱ्या पोटाचा, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला मोठा पक्षी दिसला तर तो कैकर. तो पाय पुढे करून पाण्यात आदळतो. त्याच्या तळव्यांना काटेरी खवले असतात आणि बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे निसरडा मासा निसटत नाही. मासा नेताना तो त्याचं डोकं पुढे करून धरतो, वारा कमी लागावा म्हणून.

गवताळ भागातले फिकट भोवत्ये आणि माँटेग्यू भोवत्ये पाहायचे असतील तर येवल्याकडचं ममदापूर आणि आसपासची माळरानं जास्त चांगली. ते संध्याकाळी गवतात जमिनीवर एकत्र झोपायला उतरतात. अशा जागी सूर्यास्तानंतर गाडी किंवा पाय घालू नका. एकदा उठवलेले पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत फिरतात.

१०. गच्चीवर पिसांचा ढीग सापडला. मांजराचं काम की शिक्र्याचं?

पिसाचं मूळ पाहा. शिक्रा पीस धरून उपटतो, म्हणून देठ टोकापर्यंत अखंड असतो. कधी देठावर चोचीची दाबलेली खूण असते. मांजर किंवा मुंगूस चावून तोडतं, म्हणून देठ तुटलेला, पिसं लाळेने चिकटून गुच्छ झालेली. शिक्र्याचा ढीग एका जागी, गोलाकार आणि कठड्याजवळ किंवा पाण्याच्या टाकीवर असतो. नुसती पिसं उरली आणि धड नाही, तर अर्धं खाऊन बाकीचं नेलं असं समजा. मृत पक्ष्याला हात लावायचा असेल तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. एकाच परिसरात एकदम बरेच पक्षी मेलेले दिसले तर काहीच न उचलता पशुसंवर्धन विभागाला कळवा, कारण बर्ड फ्लू तपासावा लागतो.

११. शिक्रा किंवा घार कोंबड्यांची पिल्लं नेते. काय करावं?

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि नुकसान खरं आहे. शिक्रा स्वतःच्या वजनाहून बरंच हलकं तेवढंच उचलू शकतो, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतली पिल्लं. घार त्याहून थोडी मोठी नेते. वाढलेली कोंबडी, मांजर, कुत्र्याचं पिल्लू शिक्रा उचलत नाही.

पिल्लं पहिला सव्वा महिना डालग्याखाली किंवा जाळी लावलेल्या खुराड्यात ठेवा. अंगणात सोडायची असतील तर दुपारी सोडा. सकाळी नऊपर्यंत शिक्रा सर्वांत जास्त फिरतो. अंगणाच्या कोपऱ्यात तुराट्या किंवा पळसाच्या फांद्यांचा गुडघाभर उंच आडोसा करा. कोंबडीने हाक दिली की पिल्लं त्यात शिरतात. अंगणावर हातभर अंतराने आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या तर घार वरून येत नाही, शिक्रा मात्र बाजूने येतो, म्हणून बाजूही झाका. नायलॉन दोरा वापरू नका. मेलेल्या पिल्लात विष घालून ठेवू नका: ते कुत्रं, मांजर, मुंगूस सगळ्यांना मारतं आणि हा गुन्हा आहे (प्रश्न १७).

१२. उंदरांसाठी कापशी घार आणि घुबडं शेतात यावीत, यासाठी काय करता येईल?

बसायला जागा द्या आणि विष बंद करा. हरभरा, सोयाबीनमध्ये इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे पक्षीथांबे एकरी ८ ते १० लावतात ते मुख्यतः कोतवाल, साळुंक्या यांच्यासाठी, अळ्या खायला. त्यांची उंची पिकापेक्षा फूट-दीड फूट जास्त असली की पुरते. कापशीला उंची हवी: १२ ते १५ फुटांचा बांबू, वर मनगटाएवढी जाड, दीड-दोन फूट लांब आडवी काठी. असे दोन-तीन बांधावर पुरेत. आडवी काठी सैल राहिली, वाऱ्यात फिरली, तर पक्षी तिच्यावर बसत नाही. तारेने दोन ठिकाणी आवळा.

ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं उंदराला लगेच मारत नाहीत. दोन-चार दिवस तो सुस्त, उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच कापशीच्या, पिंगळ्याच्या तोंडी जातो. विष उंदराच्या यकृतात तसंच असतं. वापरावंच लागलं तर आमिष बिळात खोल टाकून बीळ बुजवा आणि रोज सकाळी मेलेले उंदीर गोळा करून फूट-दोन फूट खोल पुरा. थांबे लावून त्याच शेतात विष टाकणं म्हणजे पक्ष्याला जेवायला बोलावून विष वाढणं.

१३. द्राक्षबागेला घारीच्या आकाराचे पतंग लावून पाखरं थांबतात का? जाळीत शिक्रा अडकला तर?

पतंग काही दिवस चालतो. बुलबुल, साळुंक्या पाहून ठेवतात की ही घार जागची हलत नाही आणि कुणाला धरतही नाही. मणी गोड व्हायला लागल्यावरच लावा, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, काढणी झाली की उतरवा. वर्षभर लटकवलेला पतंग पुढच्या हंगामात निरुपयोगी असतो.

शिक्रा बागेत येतो बुलबुलांच्या मागे आणि वेगात जाळी त्याला दिसत नाही. सैल, झोळ पडलेली जाळी सर्वांत घातक. जाळी ताणून बांधा, खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा. अडकलेला पक्षी ओढू नका. त्याच्याभोवतीची जाळी कापून तुकड्यासकट खाली घ्या, मग सावलीत धागे सोडवा. जाळीचा तुकडा शंभर रुपयांचा, मोडलेला पंख जोडता येतोच असं नाही.

१४. जखमी किंवा मांज्यात अडकलेली घार, शिक्रा सापडला तर काय करायचं?

पक्षी झाडावर किंवा तारेवर लटकत असेल तर स्वतः चढू नका. विजेच्या तारांजवळ बांबूही लावू नका. अग्निशमन दल किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वाट पाहताना गर्दी हटवा. खाली माणसं दिसली की पक्षी झटापट करतो आणि मांजा आणखी खोल जातो.

हाताशी आला तर मागून जाऊन जाड टॉवेल किंवा गोणपाट डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की तो शांत होतो. पंख अंगाला मिटवून धरा आणि दोन्ही पाय ताब्यात घ्या. धोका पायांचा आहे, चोचीचा कमी. नखी हातात रुतलीच तर हात ओढू नका, कारण ओढाल तसा पंजा आवळतो. पक्ष्याचा पाय सरळ ताणा, मग पंजा ढिला पडतो, आणि मागचं बोट आधी सोडवा.

मांजा खेचून काढू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटभर सोडून कापा, रुतलेला भाग डॉक्टरांसाठी राहू द्या. पंखाच्या सांध्यावर मांजा फिरला तर वरून रक्त थोडं दिसतं, पण आत स्नायूबंध कापलेला असतो. ‘बरी दिसते’ म्हणून हवेत उडवून पाहणं ही नेहमी होणारी चूक.

पक्ष्यापेक्षा थोडं मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूला बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाशी जुना कपडा घाला. तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात. खोकं बंद करून शांत खोलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, पोळी, शिजवलेलं मांस काहीही देऊ नका. अपवाद एकच: एप्रिल-मेच्या उन्हाने भोवळून पडलेली, जखम नसलेली घार सावलीत उथळ ताटलीतलं पाणी स्वतःहून पीत असेल तर पिऊ द्या.

संक्रांतीच्या आठवड्यात, विशेषतः येवल्याच्या पतंगोत्सवात, असे फोन सर्वांत जास्त. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. आणि संक्रांत संपली तरी झाडांवरचा मांजा महिनोन् महिने पक्षी अडकवतो, म्हणून सण झाल्यावर सोसायटीतल्या झाडांवरचा मांजा काढणं हेही तितकंच गरजेचं.

१५. घरट्यातून पिल्लू खाली पडलं आहे. घरी आणू का?

आधी पिसं पाहा. अंगभर पांढरी लव असेल तर ते घरट्यातलं पिल्लू. घरटं शाबूत आणि हाताला लागण्याजोगं असेल तर परत ठेवा. घरटं पडलं असेल तर वेताची किंवा बांबूची टोपली, तळाला भोकं, आत सुक्या काड्या, जमेल तेवढी त्याच झाडावर उंच बांधा. हाताचा वास लागला की आई सोडते हे खरं नाही.

पिसं भरलेली, शेपटी आखूड, फांदीवरून फांदीवर धडपडणारं असेल तर ते उडायला शिकतंय. त्याला फक्त कुत्र्या-मांजरांपासून उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि तीस-चाळीस पावलं लांब जाऊन तासभर पाहा. आई-बाप येतात. शिक्र्याची वीण मार्च ते जून, अंडी बहुधा तीन-चार, उबवण १८ ते २१ दिवसांची. म्हणून मे-जूनमध्ये अशी पिल्लं दिसणं स्वाभाविक. जखम असेल तरच प्रश्न १४ प्रमाणे करा.

१६. घार डोक्यावर झडप घालते. चिडली आहे का?

घरटं जवळ आहे. घारीची वीण हिवाळ्यात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते, आणि पिल्लं बाहेर आल्यावर तिचा धीर सुटतो. ती मागून येते, म्हणून छत्री उघडून किंवा टोपी घालून जा. तिच्याकडे पाहत राहिलात तर बहुतेक वेळा ती फिरते. गच्चीवर कपडे वाळत घालायची जागा पाच-सहा आठवडे बदला. अंडी किंवा पिल्लं असताना घरटं पाडणं बेकायदा आहे. पिल्लं उडून गेल्यावर वनविभागाला विचारून पुढचं ठरवा. हातातला वडापाव नेला तर तो राग नव्हे, सवय आहे: तिथे कुणीतरी घारींना खायला टाकतं.

१७. शिक्रा पाळता येतो का? पूर्वी तर पाळायचे.

पूर्वी पाळायचे, लावे-तितर मारायला शिकवायचे, हे खरं. आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. शिक्रा पहिल्या अनुसूचीत असून शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि दंड. ‘जखमी होता म्हणून ठेवला’ हे कारण चालत नाही. वनविभागाला ताबडतोब कळवावं लागतं. बाज म्हणून कुणी विकायला आणला तर तोही शिक्रा किंवा रंगवलेली घारच असण्याची शक्यता. खरा बाज हिमालयातला, नाशिकला नसतो.

१८. बाल्कनीतल्या लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यावर शिक्रा झडप घालतो. आणि कधी घरातच शिरतो. काय करावं?

पिंजऱ्यातली फडफड त्याला दुबळ्या पाखराची वाटते. बाहेरून तो गजांतून नखी घालतो, आतले पक्षी घाबरून गजांवर येतात आणि जखमी होतात. पिंजरा आत घ्या, किंवा तीन बाजू आणि छप्पर झाका.

घरात शिरलाच तर आधी पंखा बंद. आतले दिवे घालवा, एकच खिडकी पूर्ण उघडा, बाकीचे पडदे ओढा आणि खोलीतून बाहेर पडा. उजेडाकडे तो स्वतः निघतो. काचेवर आपटून बसला असेल तर खोक्यात दोन तास अंधारात ठेवा. नंतर ताठ उभा राहून रागाने पाहत असेल तर मोकळ्या जागी खोकं उघडा, नाहीतर प्रश्न १४.

१९. गडावर आग्या मोहोळ एकाएकी उठलं. त्यात पक्ष्याचा हात असतो का?

असू शकतो. मधुबाज हा लहान डोक्याचा, लांब मानेचा मोठा पक्षी पोळी फोडून त्यातल्या अळ्या खातो. त्याच्या चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी घट्ट, नाकपुड्या फटीसारख्या, त्यामुळे डंख लागत नाहीत. चवताळलेल्या माश्या मात्र खाली दिसेल त्यावर तुटून पडतात. कड्यावर पोळी दिसत असतील आणि वर असा पक्षी घिरट्या घालत असेल तर त्याखाली थांबू नका. माश्या आल्याच तर हात झटकू नका, तोंड-मान झाकून पळा, दाट झुडपात किंवा बंद जागेत शिरा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर वाट पाहतात.

२०. कावळे, कोतवाल, साळुंक्या मिळून शिक्र्याला हाकलतात. तो उलटून मारत का नाही?

कारण त्याचं हत्यार अचानकपणा आहे (प्रश्न ५). सगळ्यांनी पाहिलं की शिकार फसलीच, मग तो मुकाट जागा बदलतो. हा गोंगाट तुमच्या कामाचा: खारीची एकसुरी चिक-चिक आणि साळुंक्यांची कर्कश हाक एकाच झाडाकडे तोंड करून चालली असेल तर तिथे शिक्रा, घुबड किंवा साप आहे. कोतवाल घारीच्या पाठीवर चोच मारतो तेही त्याच्या घरट्यापासून तिला लांब न्यायला.

२१. घरट्याचे फोटो काढावेत का?

अंडी असताना नाही. मादी उठली की मे महिन्याच्या उन्हात अंडी काही मिनिटांत तापतात, आणि कावळा तुमच्याकडेच बघत असतो. पिल्लं मोठी झाल्यावर लांबून, ४०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या लेन्सने, झाडाच्या आडून, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. पक्षी हाका मारू लागला किंवा पायात घास घेऊन शेजारच्या झाडावर थांबून राहिला तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात; उठा. रेकॉर्ड केलेला आवाज लावणं, बांधलेला उंदीर आमिष म्हणून ठेवणं, फांद्या छाटणं नको. फोटो टाकताना झाडाची जागा लिहू नका, मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवा. अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडांची घरटी आणि शाहीनच्या कपारी यांना हेच जास्त कडक लागू: तिथे वरून दोर टाकून उतरणं किंवा ड्रोन नेणं यामुळे पक्षी त्या वर्षीची वीण सोडून देऊ शकतो.